उंबरठ्यावरचं गणित



आजच्या पाठाची सुरुवात एका प्रश्नाने करू या. गणितात ३३ गुण मिळवणारा मुलगा आणि ३ गुण मिळवणारा मुलगा, यांच्यात फरक किती? तुम्ही म्हणाल, सर, हे तर पहिलीतलं पोरही सांगेल, ३०. बरोबर आहे. पण निकालाच्या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द लिहिला जातो : नापास. आणि ३५ वाला व ९५ वाला, दोघांपुढेही एकच शब्द : पास.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नववीच्या वार्षिक परीक्षेत मला गणितात ३३ गुण होते. माझ्या बाकावरच्या मित्राला ३५. जूनमध्ये तो दहावीच्या वर्गात गेला आणि मी पुन्हा नववीतच बसलो. आम्हा दोघांच्या अभ्यासात दोन गुणांचंच अंतर होतं, पण आयुष्यात एका वर्षाचं पडलं.

माझे बाबा पुलगावच्या कापसाच्या बाजारात मापारी होते. निकालानंतर दोन दिवस ते माझ्याशी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन गेले. मोठा काटा टांगलेला होता. एका पारड्यात त्यांनी वजनं ठेवली, दुसऱ्यात मला कापूस टाकायला लावला. मी टाकत गेलो, टाकत गेलो, पारडं काही हलेना. मग आणखी एक मूठ टाकली आणि ते खाली आलं. बाबा म्हणाले, "पाह्यलं? आता एक मूठ काढून घे." मी काढली. पारडं पुन्हा वर.

"पारड्याले काय मालूम, मूठभर कमी हाय का मणभर? थे मापाऱ्यानं पाहा लागते."

त्या दिवशी मला एवढंच कळलं की बाबा रागावलेले नाहीत. त्या वाक्यात एक अख्खं शास्त्र दडलेलं आहे, हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. आजचा पाठ त्याच शास्त्राचा आहे. पूर्वीचे काही संगणक अशाच पारड्यांचे बनवले होते, आणि तसं एक छोटं यंत्र आम्ही नाचणगावात आमच्या नववीच्या वर्गात बनवून पाहिलं.

उंबरठा म्हणजे काय?

संगणकाच्या आत लहान लहान द्वारं असतात, त्यांना गेट म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी 'अँड' आणि 'ऑर' ही गेटं ऐकली असतील. 'अँड'मध्ये सगळे 'हो' म्हणाले तरच उत्तर 'हो'. 'ऑर'मध्ये एक जण जरी 'हो' म्हणाला तरी उत्तर 'हो'.

आता तिसऱ्या प्रकारचं गेट पाहा. त्याला थ्रेशोल्ड गेट म्हणतात. थ्रेशोल्ड म्हणजे आपला उंबरठा. घरात शिरायचं तर उंबरठा ओलांडावा लागतो. एक पाय आत आणि एक बाहेर असं चालत नाही. हे गेट येणारी सगळी मतं मोजतं. प्रत्येक मताला काही वजन दिलेलं असतं. वजनांची बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की उत्तर १, नाही पोचली तर ०. बस, एवढंच त्याचं काम.

तीन जणांचं गेट घ्या, प्रत्येकाचं वजन १. उंबरठा ३ ठेवला तर ते 'अँड' झालं. उंबरठा १ ठेवला तर 'ऑर' झालं. उंबरठा २ ठेवला तर ते बहुमताचं गेट झालं, दोघांनी 'हो' म्हटलं की ठराव मंजूर. वस्तू तीच, उंबरठा सरकवला की तिचं काम बदललं!

आपल्या ग्रामसभेचंही तसंच नाही का? गणपूर्तीला १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाचणगाव मोठं गाव, त्यामुळे आपल्याला १०० लागतात. ९९ जण सतरंजीवर बसलेले असले तरी सभा तहकूब.

हातच्याचं गेट

आता गंमत ऐका. दुसरीपासून आपण बेरीज करतो आणि 'हातचा एक' म्हणतो. संगणक फक्त ० आणि १ या दोन अंकांत बेरीज करतो. एका घरात तीन आकडे येतात : वरचा अंक, खालचा अंक आणि मागच्या घरातून आलेला हातचा. हे तिन्ही ० किंवा १ असतात. मग पुढच्या घराला हातचा केव्हा द्यायचा? तिन्हींपैकी किमान दोन १ असतील तेव्हा. म्हणजे हातचा काढणं हे बहुमताच्या गेटचं काम!

आणि त्या घरात खाली काय लिहायचं? तेही आणखी एका थ्रेशोल्ड गेटने निघतं. त्याला पाच मतं द्यायची. तीन मतं त्याच तीन आकड्यांची. उरलेली दोन मतं हातच्याची, पण उलटी. हातचा १ असेल तर ती दोन मतं ०, आणि हातचा ० असेल तर दोन्ही १. उंबरठा ३ ठेवायचा.

वहीत करून पाहा. तिन्ही आकडे ० : हातचा ०, म्हणून उलटी मतं २. बेरीज २, उंबरठ्याच्या खाली, उत्तर ०. एकच आकडा १ : बेरीज १ अधिक २ म्हणजे ३, उत्तर १. दोन आकडे १ : आता हातचा १ झाला, उलटी मतं गेली, बेरीज २, उत्तर ०. तिन्ही १ : बेरीज ३, उत्तर १. चारही वेळा बरोबर. म्हणजे हातच्यासह एका घराची पूर्ण बेरीज फक्त दोन गेटांत झाली. 'अँड' आणि 'ऑर' वापरून हीच बेरीज करायला जास्त गेटं लागतात. सुरुवातीच्या काळात काही शास्त्रज्ञांना या गेटांची भुरळ पडली, त्याचं एक कारण हेच.

आमचं यंत्र

सामान साधं होतं. पुलगावच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून दोन ट्रान्झिस्टर (बीसी ५४७), १० किलो-ओहमचे आठ रेझिस्टर, दोन लाल एलईडी, दोन सेल आणि टू-वे बटणं आणली. जिन्यातल्या दिव्याला असतं तसं हे बटण, एकीकडे केलं की सेलच्या अधिक टोकाला, दुसरीकडे केलं की उणे टोकाला जोडलं जातं. प्रत्येक बटण म्हणजे एक मत. सगळी मतं आपापल्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला येतात. बेसपासून उणे टोकाला आणखी एक रेझिस्टर जोडला की उंबरठा ठरतो. तीन मतांच्या गेटला तो २.२ किलो-ओहमचा घेतला, पाच मतांच्या गेटला दीड किलो-ओहमचा.

पहिल्या गेटचं उलटं उत्तर दुसऱ्या गेटला न्यायला खरं तर आणखी जोडणी करावी लागते. आम्ही सोपा उपाय केला. एका विद्यार्थ्यालाच तार बनवलं! त्याने हातच्याचा दिवा पाहायचा, तो विझलेला असेल तर आपली दोन बटणं चालू करायची, पेटला की बंद करायची.

आता काम वाटून द्यायचं होतं. वर्गात नेहमी हात वर करणाऱ्या चार-पाच मुलांनी सोल्डरिंग, मल्टिमीटर आणि पाहुण्यांना माहिती सांगायचं काम घेतलं. तार व्हायला कोणी तयार नव्हतं. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. सहामाहीत गणितात ३१ गुण. कापूस वेचणीच्या दिवसांत तिचे बरेच खाडे व्हायचे. मी म्हटलं, तू बस इथे. खरं सांगतो, तिला त्यात काही करता येईल म्हणून मी तिला बसवलं नव्हतं. तिच्याकडून काही बिघडणार नाही म्हणून बसवलं होतं.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, सकाळी यंत्र मस्त चाललं. पाहुणे आले, मुलांनी एक अधिक एक करून दाखवलं, टाळ्या झाल्या. पुढेही महिनाभर आम्ही ते खिडकीपाशी टेबलावर तसंच ठेवलं.

मार्च संपता संपता ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. "सर, दुपारून थे शून्य अन् शून्य मिळून एक सांगून राह्यलं."

मी तिला म्हटलं, "तुझी बटणं उलटी पडली असतील. नीट पाहा."

ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तेच वाक्य. यावेळी मी माहिती सांगणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "नाही सर, बरोबर चालते." मी त्याचं ऐकलं.

मित्रांनो, इथे जरा थांबा. आत्ताच आपण काय शिकलो? प्रत्येक मताला वजन असतं. त्या दिवशी माझ्या डोक्यातल्या गेटमध्ये त्या मुलाच्या मताचं वजन पाच होतं आणि तिच्या मताचं शून्य. ते वजन ठरवलं होतं मीच, ३१ हा आकडा पाहून.

तिसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही. सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन नुसती उभी राहिली. मग मी उठलो. टेबलावर खिडकीतून ऊन आलं होतं. तिन्ही आकडे शून्यावर होते, तिची दोन्ही बटणं चालू, अगदी बरोबर. तिने दिव्यावर दोन्ही हातांच्या ओंजळीने सावली केली. आत लाल ठिपका मिणमिणत होता. मंद, पण पेटलेला. उन्हात तो दुसऱ्या कोणाला दिसलाच नव्हता.

चूक कुठे होती?

मी फळ्यावर हिशेब मांडला. दोन सेलचे ३ व्होल्ट धरा. तीन मतांच्या गेटमध्ये एका मताने बेसवर सुमारे ०.४० व्होल्ट येतात, दोन मतांनी ०.८०. ट्रान्झिस्टर साधारण ०.६ ते ०.७ च्या दरम्यान जागा होतो. म्हणजे 'नाही' आणि 'हो' यांच्या मध्ये ०.४० व्होल्टची ऐसपैस जागा आहे. पाच मतांच्या गेटमध्ये मात्र दोन मतांनी ०.५१ आणि तीन मतांनी ०.७७. जागा उरली फक्त ०.२६ ची.

त्यात तीन गोष्टी मिसळल्या. एक, ट्रान्झिस्टर तापला की त्याचा उंबरठा खाली येतो, दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट. आपल्या वर्ध्याचं मार्चअखेरचं ऊन थेट त्याच्यावर पडत होतं. दोन, सेल आदल्या आठवड्यातच नवे टाकले होते. नवा सेल दीड व्होल्टपेक्षा थोडा जास्तच देतो. तीन, आमच्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टी होती, म्हणजे लिहिलेल्या किमतीपेक्षा ते ५ टक्के कमीजास्त असू शकतात. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकल्या आणि दोन मतांवरच दार किलकिलं झालं.

"मग उंबरठा वर करा ना सर," एक जण म्हणाला. केला. दीडऐवजी १.२ किलो-ओहमचा रेझिस्टर लावला. दुपार सुधारली, पण सकाळी गारव्यात तीन मतांनीही दिवा नीट पेटेना. एकाला वाचवायला गेलो तर दुसरा बुडतो. शेवटी जुना रेझिस्टर परत लावला आणि टेबल सावलीत सरकवलं.

आमच्या टेबलावर झालं तेच मोठ्या प्रयोगशाळांतही झालं होतं. थ्रेशोल्ड गेटला मतं जितकी जास्त, तितकी 'हो' आणि 'नाही' यांच्यातली जागा अरुंद, आणि तितके सुटे भाग अचूक लागतात.

असे संगणक खरंच होते का?

होते. थोडा इतिहास पाहू.

१९४३ साली अमेरिकेत वॉरन मॅक्युलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या चेतापेशीचं एक सोपं गणित मांडलं. येणारे संदेश मोजायचे, उंबरठा ओलांडला की पेशी पेटते. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या संगणकाचा आराखडा लिहिला. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवणाऱ्या संगणकाचा हा प्रसिद्ध आराखडा. त्यातल्या आकृत्या त्यांनी अशाच चेतापेशीसारख्या, उंबरठा असलेल्या घटकांनी काढल्या होत्या. म्हणजे कागदावर तरी आजच्या संगणकाचा पूर्वज पारड्यांचाच होता.

प्रत्यक्षात अशी यंत्रं बांधली जपानने. त्या काळात व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह, महाग होते आणि वरचेवर जळायचे. १९५४ साली टोकियो विद्यापीठात एइची गोतो या तरुण विद्यार्थ्याने पॅरामेट्रॉन नावाचा घटक शोधला. फेराइट या चुंबकी पदार्थाची लहान कडी, त्यावर तारेची गुंडाळी आणि एक कपॅसिटर. त्यात विजेचं आंदोलन दोन प्रकारे होऊ शकतं, जसे दोन झोपाळे, एक पुढे जातो तेव्हा दुसरा मागे. एक प्रकार म्हणजे ०, दुसरा म्हणजे १. शेजारच्या तीन पॅरामेट्रॉनकडून हलकासा धक्का मिळतो आणि ज्या बाजूचे धक्के जास्त, त्या प्रकारे हा झुलू लागतो. म्हणजे बहुमताचं गेटच झालं! एक मत कायमचं ० ठेवलं की त्याचं 'अँड' होतं, कायमचं १ ठेवलं की 'ऑर'.

१९५७ साली जपानमध्ये मुसाशिनो-१ हा संगणक चालू झाला, त्यात ५,४०० पॅरामेट्रॉन होते. १९५८ मध्ये टोकियो विद्यापीठात गोतो यांचा पीसी-१ तयार झाला.

आणि आपल्या महाराष्ट्रात?

त्याच वर्षांत मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक गट कामाला लागला होता. डॉ. होमी भाभांची संस्था आणि गटाचे प्रमुख डॉ. आर. नरसिंहन. त्या गटातल्या बहुतेकांनी त्याआधी संगणक कधी बांधलाच नव्हता. आधी त्यांनी एक छोटं चाचणी-यंत्र केलं, ते १९५६ च्या अखेरीस चालू झालं. मग मोठं यंत्र बांधलं. ते १९६० मध्ये रीतसर वापरात आलं आणि १९६२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याला नाव दिलं : टिफ्रॅक.

गंमत पाहा. मुसाशिनो-१ आणि टिफ्रॅक ही दोन्ही यंत्रं एकाच घराण्यातली. फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टनला जे यंत्र उभारलं, त्याच्या आराखड्यावरून जगभर अनेक संगणक झाले, त्यांतलेच हे दोन चुलतभाऊ. एकाने पॅरामेट्रॉन वापरले, दुसऱ्याने व्हॉल्व्ह आणि डायोड. टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते.

म्हणजे टिफ्रॅकचं गणित थ्रेशोल्ड गेटांवर चालत नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. पण त्याच्या स्मृतीत उंबरठा होताच. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. २,०४८ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ४० अंक. गुणाकार करा : ८१,९२० अंक, आणि प्रत्येक अंकाला एक कडी. हजारो कड्यांतून नेमकी एकच कशी निवडायची? कड्या जाळीसारख्या विणलेल्या असतात. एका आडव्या तारेतून निम्मा प्रवाह सोडायचा आणि एका उभ्या तारेतून निम्मा. निम्म्या प्रवाहाने कडी ढिम्म हलत नाही. जिथे दोन्ही तारा एकमेकींना छेदतात, तिथे दोन निम्मे मिळून उंबरठा ओलांडतात आणि तेवढी एकच कडी पालटते. चिखलात रुतलेली बैलगाडी एकट्याने ढकलून हलत नाही, दोघांनी मिळून ढकलली तर हलते, तसं. अशी स्मृती तेव्हा जगभरातल्या संगणकांत होती.

पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त, भरवशाचे आणि फार वेगवान झाले. पॅरामेट्रॉन त्यांच्यापुढे मंद पडले आणि काही वर्षांत मागे पडले. अचूक सुट्या भागांची अट होतीच, ती तुम्ही आमच्या टेबलावर पाहिली. दोन-तीन मतांची साधी गेटं लाखोंनी वापरणं सोपं ठरलं.

यंत्राने विसरायचं, माणसाने नाही

आता बाबांच्या वाक्याकडे परत येऊ. पारड्याला माहीत नसतं, मूठभर कमी आहे की मणभर.

हा पारड्याचा दोष आहे का? संगणकासाठी तो दोष नाही, ती त्याची ताकद आहे. ०.७७ व्होल्टला यायचा संदेश वाटेत थोडा घसरून ०.७४ झाला, तरी गेट त्याला पुन्हा स्वच्छ १ करून पुढे पाठवतं. हजारो गेटांतून गेलं तरी कचरा साठत नाही. कितीने जास्त होतं आणि कितीने कमी, हे यंत्र मुद्दाम विसरतं, म्हणून त्याचा हिशेब चुकत नाही.

पण यंत्राला शिकायचं असेल तर? १९५८ साली फ्रँक रोझेनब्लाट यांनी पर्सेप्ट्रॉन मांडला. तेही थ्रेशोल्ड गेटच, पण चूक झाली की ते आपली वजनं स्वतः बदलायचं. अशा पारड्यांचे थरावर थर लावले, तेव्हा अडचण आली. शेवटी उत्तर चुकलं तर आतल्या कोणत्या पारड्याचं वजन किती बदलायचं? ताठ पायरी ते सांगत नाही, ती फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणते. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखामुळे जी शिकवण्याची पद्धत सगळीकडे पोचली, तिच्यात ताठ पायरीच्या जागी हळूहळू चढणारा उतार वापरला होता. उतारावर कळतं, आपण माथ्यापासून किती दूर आहोत. आज मोबाइलमध्ये बोललेलं ओळखणारी यंत्रं याच वाटेने आली आहेत.

म्हणजे नुसता हिशेब करणाऱ्या यंत्राला पायरी पुरते. शिकणाऱ्याला मात्र कळावं लागतं, कितीने हुकलं ते.

मला हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. अनेक वर्षं मी शिक्षक असूनही पारडंच होतो, मापारी नव्हतो. ३५ च्या खालच्या सगळ्या नावांवर एकच लाल रेघ मारत होतो. ज्या रेघेने मला एक वर्ष बसवलं, तीच मी दुसऱ्यांवर ओढत होतो आणि ती मुलं कुठे अडतात हे पाहत नव्हतो.

त्या दुपारनंतर मी तिचा सहामाहीचा पेपर पुन्हा काढला. गुण वाढवायला नाही. पेपर तपासण्यात चूक नव्हतीच. फक्त पाहायला. भूमितीत ती जवळपास सगळीकडे बरोबर होती. बीजगणितात जिथे जिथे कंसाबाहेर वजाचं चिन्ह होतं, तिथे तिथे घसरली होती. कंस सोडवताना आतली चिन्हं बदलायची, हा भाग मी नोव्हेंबरात शिकवला होता आणि नेमक्या त्याच दिवसांत ती शेतात होती. पेपरातली सगळी मोठी गळती त्या एकाच भोकातून होती.

मी तिला विचारलं, "शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबशील?"

ती म्हणाली, "थांबतो जी सर. पण थे यंत्र पुन्हा खिडकीत ठेवू का? कितीले वाजता बिघडते, थे पाहा लागते."

आता ती रोज दुपारी वहीत वेळ लिहिते, तापमापी पाहते आणि ओंजळ करून दिव्यात डोकावते. मी तिच्यासमोर कंस सोडवायचा फळा घेऊन बसतो. वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. तिला ३५ मिळतील का, मला माहीत नाही. दोन गुण मी तिला फुकट देणार नाही, ते तिचे तिने मिळवायचे. पण निकालात काहीही लिहिलं गेलं तरी ती कितीने आणि कुठे हुकली, हे या वेळी मला माहीत असेल. आणि तिच्या मताचं वजन आता शून्य नाही.

करून पाहा

१. वहीत तीन आकड्यांची आठही मांडणी लिहा (०००, ००१, ०१० अशी) आणि प्रत्येकीसाठी हातचा व खालचा अंक वर दिलेल्या दोन गेटांनी काढा.

२. तीन मतांच्या गेटमध्ये एका मताचं वजन २ केलं आणि उंबरठा २ ठेवला, तर त्या गेटचा 'मुखिया' कोण झाला? का?

३. तुमच्या घरात, शाळेत किंवा गावात कुठे कुठे असा उंबरठा आहे, ज्याच्या अलीकडे-पलीकडे सगळं बदलतं? तो कोणी ठरवला, तेही विचारा.

आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. ३५ च्या खालचा एक पेपर आज पुन्हा काढा. गुण बदलू नका. फक्त पाहा, मूठभर कमी आहे की मणभर.